बीपीची बातमी आपण चुकीची लिहीत आलोय

पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री वाचा, पण वाचा.

मागच्या महिन्यात आमचा फोटोग्राफर मित्र सकाळी अंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही. शेवटी दाराची कडी तोडली. आत फरशीवर पडलेला, तोंड एका बाजूला वाकलेलं, उजवा हात आणि पाय लुळा. वय 46. तालुक्यातून जिल्ह्याच्या गावी पोचायला दीड तास, तिथं स्कॅन होईपर्यंत आणखी वेळ. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय, बीपी प्रचंड वाढलेलं होतं. माणूस वाचला. पण बोलणं अजून नीट उमटत नाही, आणि वीस वर्षं ज्या हातानं कॅमेरा धरला त्या हातात आता चमचा धरायचा सराव चाललाय.

मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होतो. भेटायला येणारा प्रत्येक जण वहिनींना एकच वाक्य सांगत होता. "लय टेन्शन घ्यायचा ओ तो." एका दुपारी मी सात जणांच्या तोंडून हे ऐकलं. त्यात एक माजी नगरसेवक, एक मास्तर आणि आमच्या धंद्यातले दोघे. आठवा मीच झालो असतो, पण मला एक गोष्ट माहीत होती जी त्यांना माहीत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी एका नेत्याच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर होतं. बातमी करायला आम्ही दोघं गेलो होतो. आलोच आहोत तर रक्तही देऊ म्हणून मी बाही वर केली. सिस्टरनं पट्टा बांधला, हवा भरली, थोडा वेळ थांबून परत भरली आणि म्हणाली, "सर, तुम्ही रक्त देऊ नका. तुमचं 168/104 आहे." मी हसलो. "निवडणुका आहेत ना ताई, टेन्शन." फोटोग्राफर मला चिडवायला म्हणून पुढे झाला, त्याचं निघालं 158/98. मग आम्ही दोघं हसलो. बाहेर येऊन चहा घेतला, त्यानं तंबाखू मळली, मीही एक चिमूट घेतली.

मी पुढे चार महिने काही केलं नाही. मग बायकोनं धरून नेलं म्हणून गोळी सुरू झाली. त्यानंही सुरू केली होती. तीन महिने घेतली. मग म्हणाला, "आता काहीच त्रास नाही, कशाला उगं सवय लावून घ्यायची?" आणि बंद केली. त्रास त्याला आधीही नव्हता! पण हे मला त्या वेळी सुचलं नाही. मीही म्हटलं, बरं वाटतंय ना, मग झालं.

म्हणून ते 'लय टेन्शन' माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

आता कबुली. गेली पंधरा-सोळा वर्षं दर 17 मेला, म्हणजे जागतिक उच्च रक्तदाब दिनाला, मी एक चौकट लिहीत आलोय. शीर्षक ठरलेलं, 'तणावमुक्त राहा, रक्तदाब टाळा'. खाली कुणातरी डॉक्टरांचा पासपोर्ट फोटो. आणि त्याच पानावर कधी कधी जाहिरात, 'बीपी मुळापासून बरे, गोळ्या बंद'. ती जाहिरात मीच आणलेली, कमिशन मला मिळालेलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण मित्राच्या घरी कधी ना कधी ते पान गेलंच असणार.

टेन्शनचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. राग आला, भीती वाटली की बीपी चढतं, थोड्या वेळानं उतरतं. कायमच्या काळजीनं माणसाची झोप जाते, तंबाखू वाढते, संध्याकाळी बाटली उघडते, आणि त्यातून बीपी वाढतं. पण सगळं खापर टेन्शनवर फोडलं की एक मोठी सोय होते. दोष त्या माणसाच्या स्वभावाचा ठरतो. मग कुणालाच काही करावं लागत नाही. मिठाबद्दल बोलावं लागत नाही, तंबाखूबद्दल नाही, उपकेंद्रात गोळ्या का संपल्या हेही विचारावं लागत नाही.

आधी बीपी म्हणजे काय ते आपल्या भाषेत. शेतातली पाइपलाइन घ्या. मोटर जोरात चालतेय, पाइपात पाणी जास्त आहे किंवा पाइप आतून आवळलाय, तर प्रेशर वाढतं. पाइप त्याच दिवशी फुटत नाही. वर्षानुवर्षं आतून झिजतो आणि एके दिवशी जिथं कच्चा असेल तिथं जातो. शरीरात ती जागा मेंदू, हृदय, किडनी, डोळ्यांचा पडदा. आणि पाइप झिजताना आवाज करत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे बीपी नाही, ही आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी समजूत. बहुतेकांना काहीही जाणवत नाही. मोजल्याशिवाय कळायचा दुसरा मार्गच नाही. 140/90 किंवा त्याच्या वर, तेही वेगवेगळ्या दिवशी मोजून सतत येत असेल, तर ते उच्च रक्तदाब.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही भरायच्या आत. आपल्या देशात वेगवेगळ्या पाहण्यांत हा आकडा 8 ते 11 ग्रॅमच्या आसपास येतो. ग्रॅम कुणाला कळत नाही, म्हणून मी घरात हिशोब केला. चार माणसं, दिवसाला 20 ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा 50 दिवस पुरायला पाहिजे. आमच्याकडे तो महिनाभरही टिकत नव्हता. आणि यात लोणचं, पापड, फरसाण, बाहेरची मिसळ, वडापाव, पाव, बिस्किट धरलेलंच नाही. तुम्हीही पुड्यावर पेनानं तारीख टाकून बघा.

परदेशात बहुतेक मीठ पाकिटातून पोटात जातं. आपल्याकडे अजून मोठा वाटा घरातल्या डब्यातूनच जातो, आणि पाकिटांचा वाटा भराभर वाढतोय. दहा वर्षांपूर्वी आमच्या गावात फरसाणची दोन दुकानं होती. आता एकट्या स्टँड रोडला सहा आहेत. भाकरीबरोबर ठेचा, तोंडी लावायला लोणचं, वर ताकात मीठ, हे आपलं जुनंच. त्यात शाळेतल्या पोरांच्या हातात पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट आलं.

"आम्ही सैंधव वापरतो" हे मला किमान दहा घरांत ऐकायला मिळालं. मंडळी, सैंधव असो, काळं असो, नाहीतर साधं असो, त्यात मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असतं. रंग बदलल्यानं किडनी फसत नाही. खायचा सोडा आणि पापडखार यांतही सोडियमच. पोट जड झालं की फसफसणारी पुडी पाण्यात टाकून रोज पिणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यातही तेच. उन्हात राबणाऱ्याला घामाबरोबर गेलेलं पाणी आणि थोडं मीठ परत लागतं हे खरं, पण तो काही वर्षभर दोन्ही वेळच्या लोणच्याचा परवाना नाही.

यावर उपाय नाही असंही नाही. चीनमधल्या 600 खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष 2021 मध्ये आले. ज्यांना पक्षाघात होऊन गेला होता किंवा ज्यांचं वय जास्त असून बीपी होतं, असे सुमारे 21 हजार लोक त्यात होते. अर्ध्या गावांतल्या लोकांना साध्या मिठाऐवजी तीन भाग साधं आणि एक भाग पोटॅशियमवालं मीठ दिलं. त्या गावांत पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. नुसतं मीठ बदलून! किडनीचा आजार असलेल्यांनी आणि काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, हे मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे असं मीठ दुकानात मिळतं, पण साध्याच्या कितीतरी पट महाग. रेशनवर साखर द्यायचं आपल्याला सुचलं, हे कुणाला सुचेल का?

तंबाखूचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू वापरणारे प्रौढ सुमारे 27 टक्के होते, आणि त्यातले बहुतेक धूर न काढणारे, म्हणजे मळून खाणारे, गुटखावाले आणि मिश्रीवाले. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. बंदीची बातमी मी लिहिली होती. बातमी लिहून खाली उतरलो तेव्हा टपरीवर पुड्या लटकत होत्या, आज कागदाखाली असतात, एवढाच फरक. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाचे ठोके वाढवतं. दिवसात दहा वेळा बार भरणाऱ्याचं शरीर दहा वेळा हा झटका सोसतं.

आणि मिश्री. ही आपल्याकडची खास अडचण. आरोग्य सेविका विचारते, "मावशी, तंबाखू खाता का?" उत्तर येतं, "नाय बाय, मी मिश्री लावते." फॉर्मवर 'नाही' लिहिलं जातं. भाजलेली तंबाखूच ती. सकाळी हिरडीवर लावून अर्धा तास ओट्यावर बसलेल्या बायका मी लहानपणापासून बघतोय, माझी आजीही त्यातलीच. आजी लकव्यानं गेली. त्या वेळी घरात म्हणाले, 'वारं गेलं अंगावरनं.'

आणखी एक कारण, ज्यावर कुणी बोलत नाही. आमचा ऊसपट्टा. तोडणी, मोळी उचलणं, खुरपणी. कंबर आणि गुडघे गेलेले. मेडिकलमध्ये जाऊन "दुखायच्या दोन गोळ्या द्या" म्हणायचं, रोज घ्यायच्या, कामावर जायचं. वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याच शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, किडनीवर ताण देतात आणि बीपीच्या काही गोळ्यांचा असर कमी करतात. ज्या बाईला बीपी आहे तिला ही गोळी देताना काउंटरवर कोण विचारतं? कागदात गुंडाळलेल्या बिननावाच्या पुड्या देणारे 'डॉक्टर' तर वेगळेच. त्यात स्टेरॉइड असेल तर बीपी आणि साखर दोन्ही वर. ज्येष्ठमधाची कांडी सर्दी-खोकल्याला दोन दिवस ठीक आहे, पण महिनोन्‌महिने जास्त प्रमाणात घेतली तर तीही बीपी वाढवते. 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य मी जाहिरातींत शेकडो वेळा छापलंय.

बाकीची कारणं तुम्हाला ठाऊक आहेतच. वय, आईवडिलांना असणं, वाढलेलं पोट, दारू, बैठं काम, भाजी-फळं कमी, साखरेचा आजार, किडनीचा आजार, रात्री जोरजोरात घोरणं आणि श्वास अडकून जाग येणं. फक्त एक सांगतो, कारण फोटोग्राफर अंगानं काडी होता. "बारीक माणसाला कुठलं बीपी?" असं लोक म्हणायचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखंच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या 21 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी, ही आपल्या लोकांची ठेवण आहे. आईच्या पोटात असताना उपासमार झालेल्या, कमी वजनाच्या बाळांना पुढे हे आजार जडण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळाचा हिशोबही आज कुणाकुणाच्या पट्ट्यावर दिसत असेल. यात त्या माणसाच्या टेन्शनचा काय दोष?

आता आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार भारतात 30 ते 79 वयाच्या सुमारे 18 कोटी 80 लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांतल्या शंभरातल्या 37 जणांनाच तो असल्याचं माहीत आहे. औषध घेणारे 30. आणि ज्यांचं खरोखर आटोक्यात आहे असे 15. शंभरातले पंधरा! पस्तीसला पास असतं आपल्याकडे.

एक जुनी गोष्ट सांगतो. 12 एप्रिल 1945 ला अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचं बीपी 300/190 मोजलं गेलं. वर्षभर आधीपासून ते वाढलेलंच होतं, पण जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या डॉक्टरांकडे द्यायला धड औषधच नव्हतं. आज तेच काम करणारी अ‍ॅम्लोडिपिन नावाची गोळी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळायची सोय आहे, आणि मेडिकलमधून घेतली तरी टपरीवरच्या चहापेक्षा स्वस्त पडते. तरी आमचा मित्र 46 व्या वर्षी फरशीवर पडला.

सरकारनं काहीच केलं नाही, असं लिहून टाळ्या मिळतील, पण ते खोटं ठरेल. नोव्हेंबर 2017 मध्ये देशात पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक चांगला कार्यक्रम सुरू झाला. त्यात आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. कल्पना साधी होती. ठरलेली दोन-तीनच औषधं, ठरलेल्या पायऱ्या, गोळ्यांचा पुरेसा साठा, प्रत्येक पेशंटचं कार्ड, आणि जो महिनाभर आला नाही त्याला फोन. 2022 मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. आता तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी-शुगर तपासायचं हे धोरणच आहे, आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, उपकेंद्रांच्या पाट्या बदलून 'आरोग्य मंदिर' झाल्यात.

अडतं ते शेवटच्या फर्लांगावर. आमच्याकडे एका उपकेंद्रात बीपीचं मशिन आहे, सेल नाहीत. दुसरीकडे गोळ्या आल्या की दहा दिवसांच्या देतात, कारण साठा कमी. रोजगार बुडवून दहा दिवसांनी कोण परत येणार? आणि ऊसतोडीला सहा महिने बाहेर गेलेल्याचं कार्ड कोण बघतं? मोजायची पद्धत तर विचारूच नका. माणूस चालत आलाय, तोंडात तंबाखू आहे, शर्टाच्या बाहीवरनंच पट्टा, मशिन चालू असताना गप्पा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवा, हात छातीच्या उंचीवर टेकवा, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, दोनदा मोजा, एवढंच तर आहे. पण ओपीडीत दीडशे माणसं असताना त्या सिस्टरनं तरी काय करायचं? तिच्यावर माझा राग नाही.

राग माझ्या धंद्यावर आहे. आम्ही धरणातला पाणीसाठा रोज छापतो. कांद्याचा भाव, कारखान्याचा उतारा, पेट्रोलचा दर, सगळं छापतो. तालुक्यात बीपीचे किती जण औषधावर आहेत, किती जणांचं आटोक्यात आहे, मागच्या महिन्यात गोळ्या किती दिवस नव्हत्या, हे आजवर कुणी छापलंय? आमदारांच्या आमसभेत रस्ता, डीपी, पाणंद यांवर चार-चार तास आरडाओरड होते. गोळ्यांवर कुणी माइक मागितलेला मी तरी पाहिला नाही.

'गोळी एकदा सुरू केली की आयुष्यभर मागे लागते' म्हणून न घेणाऱ्यांसाठी एवढंच. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी तो काढून ठेवून रात्री मोटरसायकल चालवत नाही. बीपी नॉर्मल येतंय ते गोळीमुळे येतंय. वजन उतरलं, मीठ-तंबाखू-दारू सुटली तर डोस कमी होऊही शकतो, पण तो डॉक्टरांनी करायचा. मित्रानं, शेजाऱ्यानं नाही, आणि आमच्यासारख्या पत्रकारानं तर मुळीच नाही.

गुरुवारी मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. मागच्या बारा महिन्यांत तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात तीस वर्षांवरच्या किती जणांचं बीपी मोजलं, किती औषधावर आले, किती जणांचं 140/90 च्या खाली आलं, आणि कोणती गोळी किती दिवस शिल्लक नव्हती. पोच मिळाली. उत्तर येईल ते जसंच्या तसं इथं टाकेन. 'मुळापासून बरे' वाल्या जाहिरातीचं नूतनीकरणही मी या महिन्यात नाकारलं. मालकांनी विचारलं, भरपाई कुठून आणणार? अजून उत्तर सापडलेलं नाही.

काल संध्याकाळी मित्राच्या घरी गेलो होतो. सोबत माझं घरचं मशिन नेलं होतं. त्याचं मोजलं, 136/86, गोळ्या वेळेवर चालू आहेत. तो डाव्या हातानं अंगठा दाखवून हसला, अर्धं तोंडच हसतं अजून. मग मी म्हटलं, "वहिनी, तुमचंही बघू." त्या नको नको म्हणत बसल्या, पाच मिनिटं शांत बसवलं, दोनदा मोजलं. 156/96.

वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्या दुखण्याचं टेन्शन हो भावजी, दुसरं काय?"

खिडकीत मिश्रीची डबी होती. सोमवारी सकाळी साडेनऊला आम्ही दोघं उपकेंद्रात जाणार आहोत. मशिनचे सेल मी घेऊन जातोय.